केबलच्या आत किती चुंबकत्व?

हे पाहा, नागपूरच्या महाल भागातली आमची गच्ची, डिशवरून खाली उतरलेली काळी वायर, आणि हातात आहे तसल्याच वायरीचा बर्डीच्या बाजारातून आणलेला मीटरभर तुकडा. ब्लेडनं सोलला की आधी जाळी, मग पन्नी, मग पांढरा फोम आणि मधोमध एक मिलिमीटर जाडीची तार. घेताना चुंबक लावून पाहा भाऊ, कारण पुष्कळ केबलींत मधली तार लोखंडाची अन् वरून तांब्याचा मुलामा असतो, मग होकायंत्राची सुई तिलाच चिकटायला धावते. ही पक्की तांब्याची आहे.

आधी साधी वायर. स्कूटरची बॅटरी, 12 वॅटचा बल्ब, म्हणजे करंट एक अँपिअर. वायर सुईच्या वर एक सेंटीमीटरवर उत्तर-दक्षिण धरली, की सुई वीस-पंचवीस अंश वळते. 1820 साली कोपनहेगनात ऑर्स्टेड नावाच्या शास्त्रज्ञानं हेच पाहिलं होतं आणि त्याच वर्षी अँपिअर हा शास्त्रज्ञ, ज्याचं नाव करंटच्या मापाला दिलंय, पॅरिसमध्ये याच्या मागे लागला.

आता केबल. करंट मधल्या तारेतून जातो, टोकाला जाळीला जोडलाय म्हणून जाळीतून परत येतो. बल्ब पेटलाय, करंट तेवढाच, पण सुई जागची हलत नाही!

मग तारेचं चुंबकीय क्षेत्र गेलं कुठं? अँपिअर म्हणतो, तारेभोवती मनातल्या मनात एक वर्तुळ काढा अन् त्याच्या आतून किती करंट जातो तेवढंच मोजा. केबल गोल आहे म्हणून त्या वर्तुळावर क्षेत्र सगळीकडे सारखंच, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, कारण मग फक्त परिघानं भागायचं राहतं. तारेच्या अगदी मध्यावर शून्य, तिथून वाढत वाढत तांब्याच्या कडेला 400 मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप), मग फोममध्ये अंतर वाढेल तसं कमी, मध्यापासून 2 मिलिमीटरवर 100. नागपुरात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण 40च्या थोडं वर असतं, त्याच्या दुपटीहून जास्त या बोटाएवढ्या वायरीत बसलंय. जाळीत शिरलं की उलटा करंट वजा व्हायला लागतो, आणि जाळीच्या बाहेरच्या वर्तुळात जाणारा एक, येणारा एक, बेरीज शून्य.

आता जाळीचं कनेक्शन काढतो आणि परतीची वायर पार कठड्यावरून फिरवून आणतो. केबल तीच, बल्ब तोच. सुई बघा, वळली.