कपलरमधला कळंक

मित्रहो, पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्यासाठीच भांड्यांना कल्हई होत असे. आज मी ज्याविषयी बोलणार आहे तो हाच कळंक आहे. फरक एवढाच, की भांड्याच्या जागी गाडीच्या वायरिंगमधला कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा जोड, आहे आणि ताकाच्या जागी कोकणातला पाऊस आणि समुद्रावरची खारी हवा आहे. साध्या कपलरमधल्या पिना बहुधा पितळेच्या किंवा तांब्याच्या दुसऱ्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो, म्हणजे कारखान्यातून निघतानाच त्यांना कल्हई केलेली असते. ती झिजली की आत काय होते, ते आपण कपलर उघडल्यावर पाहतोच. गॅरेजमध्ये त्याला ‘कार्बन धरला’ म्हणतात. त्या हिरव्या थरात कार्बनची काजळी मात्र नसते. ते तांब्याचे क्षार असतात.

हा थर नुसत्या ओलाव्याने एवढ्या वेगाने वाढत नाही. कपलरमध्ये शेजारी शेजारी दोन पिना आहेत, एकीवर १२ व्होल्ट आणि दुसरी अर्थला जोडलेली, आणि दोहोंच्या मध्ये खारट पाण्याचा पातळ पडदा आला, तर तिथे विद्युत-विलेपनाच्या टाकीतच होते तशी क्रिया सुरू होते आणि धन बाजूच्या पिनेचे तांबे विरघळू लागते. चावी बंद असतानाही ज्या पिनेपर्यंत करंट येऊन थांबलेला असतो ती पिन आधी खाल्लेली आढळते, त्याचे कारण हेच. आता पाणी आत जाते कसे? हेडलाइटचा कपलर चालत्या गाडीत तापतो, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर पडते. अशा वेळी गाडी डबक्यातून गेली की कपलर एकदम थंड होतो, उरलेली हवा आकुंचन पावते आणि कपलर बाहेरचे पाणी अक्षरशः ओढून घेतो. यात भर पडते ती खड्ड्यांमुळे बसणाऱ्या हादऱ्यांची. पिना एकमेकींवर केसाहूनही कमी अंतराने मागेपुढे घासत राहतात, कथलाचा मुलामा खरवडला जातो, त्याची भुकटी ऑक्साइड होऊन मध्येच साचते, आणि पावसाचा थेंबही न लागता कनेक्शन दगा देते.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. ६० वॉटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. कपलरमध्ये ०.२ ओहम इतका क्षुल्लक रोध वाढला, तरी तिथे जवळजवळ १ व्होल्ट खर्ची पडतो आणि सुमारे ५ वॉट उष्णता त्या चिमुकल्या प्लास्टिकमध्ये निर्माण होते. प्लास्टिक पिवळे पडून वितळते ते त्यामुळे. बल्बचा उजेड मात्र व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी अधिक घसरतो. १२ चे ११ व्होल्ट झाले की सुमारे पाव हिस्सा उजेड जातो. गिऱ्हाईक बल्ब बदलून मागतो, आणि आपणही पुष्कळदा बदलून देतो.

आता या कळंकापासून बचावासाठी पिनांना लावायच्या ग्रीसकडे येतो. ‘सर, डायइलेक्ट्रिक ग्रीस विजेचे वहन करत नाही, मग ते पिनेला लावून करंट जाणार कसा?’ हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे. पिनेचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो उंचसखल असतो आणि दोन पिना फक्त काही उंचवट्यांवर एकमेकींना भिडतात. फिमेल पिनेच्या, म्हणजे जिच्यात दुसरी (मेल) पिन शिरते तिच्या, स्प्रिंगचा दाब तिथे इतका असतो की मधले ग्रीस बाजूला ढकलले जाते आणि धातूला धातू लागतो. उरलेल्या खोलगट जागांत ग्रीस बसून राहते, तिथे हवा आणि पाणी यांना शिरता येत नाही, शिवाय घासणेही कमी होते. वीज वाहून नेणे हे ग्रीसचे काम नव्हेच. त्याने जागा अडवून बसायचे आहे. म्हणून स्प्रिंग ढिली झालेली असेल, तर ग्रीसचा अख्खा डबा ओतूनही उपयोग नाही, उलट ढिल्या पिनेवर तेच ग्रीस अडथळा होते.

हे ग्रीस म्हणजे सिलिकॉनचे तेल आणि ते घट्ट करण्यासाठी घातलेली सिलिकाची अतिबारीक पूड. १९४३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग या कंपनीचे पहिले उत्पादन याच जातीचे होते, आणि ते उंचावर उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या इग्निशनमध्ये ओलाव्यामुळे होणारी विजेची गळती थांबवण्यासाठी वापरले गेले. ते उन्हात पातळ होऊन ओघळत नाही, आणि बहुतेक रबरांना अपाय करत नाही. मात्र कपलरमध्ये पाणी अडवणारे सील स्वतःच सिलिकॉन रबराचे असेल तर ते या ग्रीसने फुगू शकते, हे ध्यानात ठेवावे. चासीचे ग्रीस स्वस्त आणि हाताशी असते म्हणून कपलरला फासलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. त्यातल्या खनिज तेलाने काही रबरी सील फुगतात आणि धूळ चिकटते ती वेगळीच. तांब्याची पूड घातलेले ग्रीस तर अनेक पिनांच्या कपलरमध्ये कधीही घालू नये, कारण ते एका पिनेतून शेजारच्या पिनेत करंट पोचवू शकते. व्हॅसलीनला मी सरसकट नावे ठेवणार नाही. बॅटरीचे टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, घट्ट आवळल्यावर वरून लावलेले व्हॅसलीन आपले काम चोख करते. इंजिनाजवळच्या उष्णतेत मात्र ते वितळून जाते.

अर्थच्या लगकडे, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेल्या आणि बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळलेल्या कडीकडे, आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, अशी एक रिक्षा माझ्याकडे आली होती. तिचे दोन बल्ब आणि एक फ्लॅशर आधीच बदलून झाले होते. दोष होता तो मागच्या दिव्याच्या अर्थमध्ये. बोल्टखाली गंज धरल्याने ब्रेकच्या दिव्याचा करंट परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या बल्बमधून जात होता. अशा ठिकाणी रंग आणि गंज खरवडून, चकचकीत धातूवर लग आवळून, मग बाहेरून ग्रीसचा थर द्यावा.

कपलरच्या बाबतीतही क्रम असाच आहे. आधी बॅटरीची ऋण वायर काढावी, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करून पूर्ण वाळवाव्यात, फिमेल पिन सुट्या मेल पिनेवर सरकवून पकड पाहावी, आणि नंतरच ग्रीसचा पातळ हात फिरवावा. सीलबंद कपलर ठासून भरला तर ग्रीसला जायला जागा राहत नाही, लॉक पूर्ण बसत नाही आणि सील मागे ढकलले जाते. वायरीचे आवरण सोलल्यावर आतले तांबे काळे निघाले, तर पाणी तारांमधून वर चढलेले आहे असे समजावे आणि चांगले तांबे लागेपर्यंत वायर कापावी. तिथे ग्रीसचा इलाज नाही.

आणखी काही जागा वर्ज्य आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर इंजेक्शनच्या दुचाकींतही धुरातला ऑक्सिजन पाहणारा सेन्सर सर्रास आला. काही सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या वाटेने घेतात, आणि सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर सिलिकाचा थर बसवते. त्यामुळे त्याच्या कपलरला हे ग्रीस नको. ज्या स्विचच्या आणि रिलेच्या आत ठिणगी पडते तिथेही नको, कारण ठिणगीने सिलिकॉनची वाळूच होते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतल्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना तर तसे प्रशिक्षण घेतल्याशिवाय हातच लावू नये.

हे सारे करायचे ते मिरगाच्या आधी, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात, कारण ओल्या पिनेवर ग्रीस चढवले की ती ओल आतच कोंडली जाते. पाऊस सुरू झाल्यावर गाडी आलीच, तर कपलर उघडून ब्लोअरने वाळवा आणि पिन पूर्ण कोरडी होईपर्यंत ग्रीसच्या ट्यूबचे झाकण उघडू नका. परत बसवताना वायरीला कपलरच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी कपलरमध्ये न जाता त्या झोळावरून खाली टपकेल.