पत्ते लावणारा माणूस

(दृश्य : सकाळ. खिडकीशी टेबल. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला मॉनिटर. म्हातारे हात रुमाल काढतात, नीट घडी घालतात, बाजूला ठेवतात.)

हे आमचे आप्पा. माझे आजोबा. वय ७४. नोकरी आर.एम.एस., म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, मिरज. दारोदार पत्रं वाटायचं काम त्यांनी कधी केलं नाही. पत्रं लावायचं केलं. समोर लाकडी खण, पायाशी थैल्या, आणि रात्रभर एकेक पाकीट बघून ज्याच्या त्याच्या खणात. गाडी यायच्या आत थैली बांधून तयार पाहिजे.

हा कॉम्प्युटर मामेभावाचा. त्याने नवा घेतला, म्हणून जुना इकडे आला. पहिले दोन महिने त्याच्यावर फक्त रुमाल होता.

शिकवायला मी बसले तेव्हा वाटलं होतं, अवघड जाईल ते इंटरनेट. अवघड गेला माउस.

(दृश्य : माउस टेबलाच्या कडेला टेकलेला. पडद्यावरचा बाण मध्येच थांबलेला.)

टेबल संपलं, बाण अजून निम्म्यातच. आप्पा हात तसाच धरून माझ्याकडे बघतात. आपण अशा वेळी माउस उचलतो, मागे आणून टेकवतो आणि पुन्हा सरकवतो. उचललेला असताना बाण हलत नाही, ही गोष्ट आपण कधी शिकलो तेसुद्धा आठवत नाही. पण कुणाला शिकवत असाल तर पहिल्या दिवशी हेच सांगा. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

दुसरी अडचण डबल क्लिकची. एक टिचकी आणि दुसरी टिचकी, यांच्यामध्ये म्हातारा हात जरासा सरकतो. मग फाइल उघडायच्या ऐवजी भलतीकडे जाऊन बसते. यावर सोपा इलाज आहे. एकदाच क्लिक करायचं आणि कीबोर्डवरचं एंटर दाबायचं. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेगही कमी करता येतो.

हात बसायला मात्र पत्तेच उपयोगी पडले. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर नावाचा पत्त्यांचा डाव आला होता. पान पकडायचं, ओढत न्यायचं, सोडायचं. लोकांच्या हाताला माउसची सवय लागावी, हाही त्यात एक हेतू होता. आप्पांनी चार दिवस दुसरं काही केलं नाही.

आजी : जन्मभर पत्ते लावले, आता म्हातारपणीही पत्तेच लावा.

(दृश्य : ब्राउझर उघडतो. कोरं पान, मधोमध शोधायची पट्टी.)

पाचव्या दिवशी इंटरनेट. इथे नवशिक्याच्या डोक्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. ज्या खिडकीतून आपण बघतो तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांची नावं. माहिती शोधून देणारं ते सर्च इंजिन, म्हणजे स्टँडवरची चौकशीची खिडकी. आणि जिथे जायचंय ती वेबसाइट. चौकशीवाला गाव दाखवतो. तो म्हणजे गाव नव्हे.

आप्पा वेबसाइटचा पूर्ण पत्ता पाठ असूनही तो वरच्या पत्त्याच्या पट्टीत न टाकता दर वेळी मधल्या पट्टीत टाइप करायचे. म्हणजे घराची वाट माहीत असताना चौकात उभं राहून विचारायचं. आणि चौकात सगळेच खरं सांगत नाहीत. शोधल्यावर जी यादी येते, तिच्यात वरच्या एक-दोन ओळी बऱ्याचदा पैसे भरून लावलेल्या असतात. ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एकदा आप्पांनी आपल्या बँकेचा मदतीचा नंबर असाच शोधला. सगळ्यात वर एक नंबर आला. बँकेचं नाव बरोबर, रंग बरोबर. फोन कानाला लागला होता. मी खोलीत आले म्हणून राहिलं. नंबर बँकेचा नव्हताच. बँकेचा नंबर पासबुकावर आणि कार्डाच्या मागे छापलेला असतो. तो गुगलवर शोधायचा नाही.

त्या दिवसानंतर पुन्हा रुमाल पडला. आठवडाभर.

(दृश्य : जुनं पिवळं पाकीट. पत्ता शाईने लिहिलेला. बोट शेवटच्या ओळीवर.)

रुमाल काढायला लावला तो या पाकिटाने. मी आप्पांना विचारलं, तुम्ही पत्र हातात घेतलं की आधी काय वाचायचात?

आप्पा : खालनं. नाव कशाला वाचतोय? नाव पोस्टमन वाचंल. आम्ही पिन बघायचो, जिल्हा बघायचो. फार तर तालुका.

आपण पत्ता लिहितो तो नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असा. लहानापासून मोठ्याकडे. सॉर्टर, म्हणजे पत्रं लावणारा, वाचतो मोठ्याकडून लहानाकडे. सांगलीचा पिन ४१६४१६. पहिला आकडा ४, म्हणजे महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेशाचा पट्टा. ४१६ म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडची थैली. उरलेले तीन आकडे टपाल कार्यालयाचे.

ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. एका नावाची गावं किती! नुसतं वडगाव म्हटलं तर कुठलं वडगाव? त्यात अक्षर कुणाचं कसं, भाषा कुणाची कुठली. आकड्यांनी तो घोळ मिटवला. वेलणकर संस्कृत कवीही होते. त्यांनी विलोमकाव्य रचलं होतं. सुलटं वाचलं तर रामाची स्तुती, उलटं वाचलं तर कृष्णाची. उलटं वाचायची या माणसाला हौसच असावी.

आता पडद्याकडे बघू.

(दृश्य : ब्राउझरची वरची पट्टी, मोठी करून.)

भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. सातबारा बघायची सरकारी वेबसाइट. डावीकडून वाचू नका. पाकिटासारखं शेवटून वाचा. ‘इन’, म्हणजे भारत. ‘गव्ह’, म्हणजे सरकारी; ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘महाभूमी’ हे घर. आणि ‘भूलेख’ ही त्या घरातली एक खोली.

आप्पांनी दोन सेकंद बघितलं.

आप्पा : हे मुक्काम पोस्ट तालुका जिल्हाच आहे की गं.

हो. तेच आहे. मग मी दुसरा पत्ता लिहून दाखवला, माझ्या मनाने बनवलेला. महाभूमी डॉट गव्ह डॉट इन डॉट सातबारा-अर्ज डॉट ऑनलाइन. घाईत बघणाऱ्याला ‘महाभूमी’ दिसतं, ‘गव्ह’ दिसतं, जीव भांड्यात पडतो. आप्पांनी मागून वाचलं. जिल्हा, ‘ऑनलाइन’. घर, ‘सातबारा-अर्ज’. बाकी पुढचं सगळं त्या घरवाल्याने आपल्या दारावर रंगवलेलं. आपल्या जागेत कुणीही काहीही पाटी लावू शकतो.

पत्ता लांबलचक असेल तर एक खूण धरायची. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिथे पत्ता संपला. तिच्यापुढचं सगळं घराच्या आतलं, कुठल्या कपाटात कुठला कागद, असलं. म्हणजे त्या रेघेपाशी बोट ठेवायचं आणि डावीकडे वाचत यायचं. फोनवर ही पट्टी बारीक असते, कधी दिसतच नाही. कॉम्प्युटरवर शिकावं म्हणते ते त्यासाठीच.

शिवाय अक्षरं नीट बघायची. इंग्रजी ओच्या जागी शून्य बसवतात. आर आणि एन शेजारी आले की एम वाटतो. आप्पांना याचं काही नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं लोकांची अक्षरं वाचलेला माणूस.

बँकांचं आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे जायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. तुमच्या बँकेचा पत्ता एकदा बघून घ्या आणि खूण म्हणून साठवा. पत्त्याच्या पट्टीतल्या चांदणीवर क्लिक केलं की बुकमार्क होतो. पुढच्या वेळी शोधायला नको, टाइप करायला नको.

(दृश्य : बाण एका निळ्या ओळीवर थांबतो. खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात.)

आणखी एक गंमत. पानावर निळ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू दे, बाण त्याच्यावर नुसता ठेवा. क्लिक करू नका. खाली डाव्या कोपऱ्यात तो दुवा कुठे नेणार, ते दिसतं. वर लिहिलंय बँकेचं नाव आणि खाली पत्ता भलताच, तर तिथेच थांबायचं.

आप्पा : आणि हे कुलूप?

पत्त्याच्या शेजारी कुलूप दिसलं म्हणजे वेबसाइट भरवशाची, असं वर्षानुवर्षं सगळे सांगत आले. मीही सांगायचे. अर्धवट आहे ते. पत्त्याच्या अगदी सुरुवातीला असतो तो साधा ‘एचटीटीपी’ म्हणजे पोस्टकार्ड, वाटेतल्या कुणालाही वाचता येतं. त्याला शेवटी ‘एस’ लागला की बंद पाकीट. आतला मजकूर वाटेत कुणाला दिसत नाही, एवढीच त्या कुलपाची हमी. पाकीट ज्याच्या हातात पडणार तो सज्जन आहे, असं त्यात कुठेही नाही. आणि आता ठगही पाकीट बंद करूनच मागतात. लोक कुलूप बघून फसू लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं.

आप्पांची एक शंका मात्र मला आवडली. पत्ते सगळे इंग्रजीत का? मराठीत पत्र टाकलं तर पोचत होतं की. तर देवनागरीतही पत्ते आहेत. २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ आलं, आणि मराठी, कोकणी, हिंदी या सगळ्यांना ते देवनागरीतच मिळतं. वापरणारे थोडे. सोय असून आपणच घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण मराठीत शोधणं तरी सर्रास जमतं. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्यायचा आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. आप्पा आता ‘द्राक्षावरील डावणी’ असं रोगाचं नाव सरळ मराठीत टाकतात आणि शेजाऱ्यांच्या बागेवर बसल्या जागी सल्ले देतात.

(दृश्य : वही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात बटणांची यादी.)

वहीत आप्पांनी बटणं लिहून ठेवलीत. अक्षर बारीक दिसलं, तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह. पानात एखादा शब्द हुडकायचा, तर कंट्रोल आणि एफ. टॅब चुकून बंद झाला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. काही चुकून पुसलं, तर कंट्रोल आणि झेड. या शेवटच्या ओळीखाली लाल रेघ आहे. ती कळल्यापासून त्यांची भीती गेली.

त्याच वहीत मागच्या पानांवर पासवर्ड आहेत. यावर भुवया उंचावणारे उंचावोत. घरच्या कपाटात, बचतपत्रांच्या शेजारी ठेवलेली वही मला सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा बरी वाटते. ही वही चोरायला चोराला आधी आजीला ओलांडून जावं लागेल. एटीएमचा पिन मात्र तिच्यात नाही, आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ही ओळ प्रत्येक पानावर आहे.

मध्ये एकदा पडदा लाल झाला होता. भोंगा वाजायला लागला, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर लगेच फोन करा’. असलं पान तुमचा कॉम्प्युटर तपासू शकत नाही. ते निव्वळ चित्र असतं, पडदाभर पसरलेलं. एस्केपचं बटण दाबून धरायचं, मग ऑल्ट आणि एफ ४. त्यानेही गेलं नाही तर चालू-बंदचं बटण दाबून धरायचं. फोन करायचा नाही. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसायचं नाही. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे मध्ये अडवता येण्याची आशा जास्त.

(दृश्य : संध्याकाळ. दारात शेजारच्या काकू, हातात फोन.)

काकूंना मेसेज आलाय. विजेचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, खालच्या दुव्यावर क्लिक करा.

काकू : आप्पा, हे खरं असेल का हो?

आप्पा चष्मा लावतात. मेसेज वाचत नाहीत. बोट पत्त्याच्या शेवटावर ठेवतात आणि डावीकडे सरकवत नेतात.

आप्पा : जिल्हा आपला नाही. घर ओळखीचं नाही. पाकिटावर शेरा मारा, आणि परत पाठवा.

काकू : परत कसं पाठवायचं?

आप्पा : डिलिट करा म्हणतोय. आणि बिल किती आलंय ते कागदावर बघा आधी.

काकू चहाला थांबतात. आप्पा टेबलाकडे वळतात. पडद्यावर डाव अर्धा राहिलाय. बदामची छक्की किलवरच्या सत्तीवर जाते, आणि टेबलाच्या कडेशी आलेला माउस आप्पा न बघता उचलून मागे ठेवतात.