अपोलो बंदरावरचा ट्रम्पेट

मुंबईच्या जॅझची गोष्ट अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलपासून सांगायची पद्धत आहे. आपण ती गोव्यातल्या चर्चपासून सुरू करू.

पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून शाळा असे आणि तिथं संगीत शिकवलं जाई. मुलांनी आधी सोल्फ घोटायचा. कागदावरचे स्वर डोळ्यांनी वाचायचे, तोंडानं म्हणायचे, हातानं ताल मोजायचा. दो, रे, मी, फा. वाद्य हातात यायचं ते नंतर, बहुतेकदा व्हायोलिन. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गायचं, फेस्ताला, म्हणजे सणाला वाजवायचं. आणि गावात पोट भरेना, की हीच विद्या घेऊन मुंबई गाठायची. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, म्हणजे एकेका गावच्या गोवेकरांनी मिळून राहायच्या जागा. भिंतीला लागून ट्रंका, एका कोपऱ्यात देवघरासारखा आल्तार, आणि भोवती सगळी आपल्याच गावची माणसं.

१९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ‘ताज’मध्ये आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. वेदरफर्ड तर इथलाच झाला. १९४५ साली कलकत्त्यात त्यानं डोळे मिटले. या मंडळींचं वाजवणं गोव्याच्या पोरांनी कान देऊन ऐकलं. नोटेशन त्यांना आधीपासून येत होतं. कागदावर नसलेलं वाजवायचं धाडस मात्र इथं मिळालं.

त्यातलाच एक बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. मुंबईनं त्याला ओळखलं ते चिक चॉकलेट या नावानं. अमेरिकन जॅझमधला नामांकित ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग; लोक चिकला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याच्याच पिढीतला कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, तोही ट्रम्पेटवाला. पुढं कोकणी सिनेमा काढण्याची जिद्द त्यानंच धरली. मिकी कोरियाचा जन्म मोंबासाचा, वाढला कराचीत, आणि १९३९पासून १९६०पर्यंत ‘ताज’चा बँड चालवला तो त्यानं. एकाच हॉटेलात एकवीस वर्षं! सगळेच गोव्याचे होते असंही नाही. सॅक्सोफोनवाला रूडी कॉटन पारशी होता.

पण चिकपाशी जरा थांबू या. कारण इथं ही गोष्ट तुमच्या-आमच्या घरात शिरते.

पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले संगीतकार सी. रामचंद्र, सगळ्यांचे अण्णा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. अण्णांची तालीम तंबोऱ्यावरची, चिकची चर्चमधली. अण्णा पेटीवर चाल बसवत, गळ्यानं हरकत दाखवत. पण वाद्यवृंदातल्या प्रत्येकानं नेमकं काय वाजवायचं, ते कुणीतरी लिहून द्यायला हवं. आपल्या गाण्यात लिहून वाजवण्याची रीत नव्हती. ती गोवेकरांकडे होती. चिक अण्णांचा सहायक झाला आणि हॉटेलातल्या नाचाच्या दालनात घुमणारा ट्रम्पेट हिंदी गाण्यात आला. १९५१चा ‘अलबेला’ पाहा. भगवानदादा नाचतात, तेव्हा झालरीच्या बाह्या घातलेला एक बँड पडद्यावर दिसतो. तो चिक, आणि ते त्याचे साथीदार.

मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरू लागल्या, आणि अधिकाधिक वादक स्टुडिओंकडे वळले. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारा सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आला आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांतल्या व्हायोलिनांच्या लाटा लिहू लागला. सकाळी रेकॉर्डिंग, संध्याकाळी हॉटेल, रविवारी चर्च. एकाच माणसाच्या आठवड्यात तीन संगीतं नांदत होती, आणि मला यातलं कुठलंच कमी मोलाचं वाटत नाही.

रेकॉर्डच्या गोल कागदावर गायकाचं नाव छापलं जाई, संगीतकाराचं छापलं जाई. वाजवणाऱ्यांची नावं तिथं नसत.

चिक १९६७ साली गेला, पन्नाशी नुकतीच उलटली असताना. ‘अलबेला’तली ती गाणी आजही वरातीत वाजतात. बँडवाला ट्रम्पेट ओठांना लावतो, गाल फुगवतो, आणि पोरं भगवानदादांसारखी पावलं टाकू लागतात.