घोड्यांनी राखलेली वाट

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘सायकलपटू’ म्हटलं. दुसऱ्या रांगेत आमच्या सौ. बसल्यात, त्या हसल्या आणि ते योग्यच आहे. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त माणूस. सायकल हे निमित्त, मला काठ बघायचा असतो. पत्रिकेवर ‘डॅन्यूबकाठची सायकल सफर’ असं छापलंय, पण मला सांगायचंय ते वेगळं. जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर नदीचा काठ कुणाही सोम्यागोम्याला मोकळा आहे. तो मोकळा राहिला कसा, हा आजचा प्रश्न.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नदीबरोबर खाली जायचं म्हणजे सगळा उतारच, असं जाणारे सांगतात. पासाउ ते व्हिएन्ना नदी उतरते साधारण दीडशे मीटर. किलोमीटरला अर्धा मीटर भरला तर भरला. एवढ्या उतारावर पाणी धावतं, सायकल नाही. लोक पासाउहून निघतात ते वाऱ्यासाठी. तिकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, तो पाठीशी राहतो. उलट्या दिशेने येणारे भेटतात, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंच.

पासाउला तीन नद्या भेटतात. उत्तरेकडून दलदलीतून येणारी काळपट इल्झ, दक्षिणेकडून आल्प्सचं हिमनद्यांचं पाणी घेऊन येणारी हिरवट, दुधाळ इन, आणि मध्ये डॅन्यूब. वर्षाची सरासरी काढली तर इन डॅन्यूबपेक्षा थोडं जास्तच पाणी आणते. तरी पुढे नाव चालतं डॅन्यूबचं. काम एकाचं आणि सही दुसऱ्याची, हे आमच्या खात्यातल्या मंडळींना समजावून सांगायला नको. (हशा) हसताय, म्हणजे इथे खात्यातले बरेच दिसतात.

तिथल्या नगरपालिकेच्या मनोऱ्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, सालासकट. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं, १५०१ नंतरचं सर्वात मोठं. माणसं खाली उभी राहून मान वर करून बघतात आणि मग समोरच्या दुकानात आइस्क्रीम खायला जातात. मला आवडलं ते हे, की खूण कुणी रंगवून पुसलेली नाही. आपल्याकडे पूररेषा नकाशावर निळ्या-लाल रंगात असते, आणि नकाशा कपाटात. असो.

पासाउहून पुढे श्ल्योगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ आल्या दिशेने परत फिरते. तिथे उत्तर काठाला कडा थेट पाण्यात उतरतो, वाटच नाही. सायकली होडीत घालून नदीच्या लांबीने पुढे न्यायच्या. त्यानंतर खोरं रुंदावतं आणि लिंझच्या अलीकडे एफर्डिंग लागतं. गाव छोटं, चौक देखणा. पर्यटक थांबत नाहीत. मी थांबलो, कारण इथे केप्लरचं लग्न झालं.

केप्लर म्हणजे तोच, ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे सांगणारा. १६१२ पासून तो लिंझला प्रांताचा गणिती म्हणून नोकरीत होता. पहिली बायको वारलेली. १६१३ च्या ऑक्टोबरात एफर्डिंगला दुसरं लग्न. त्या वर्षी द्राक्षं भरपूर आलेली, वाइन स्वस्त. नव्या संसाराला म्हणून त्याने काही पिंपं घेतली. विक्रेता आला तो खुणा केलेली एक काठी घेऊन. पिंपाच्या पोटावर जे भोक असतं, त्यातून काठी आत घालायची, तिरपी, तळाच्या पलीकडच्या कडेला टेकेपर्यंत. टेकली की खूण वाचायची आणि किंमत सांगायची. ना गुणाकार, ना घनफळ. पुढचं पिंप.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पैसे मोजले असते, फार तर घासाघीस केली असती. हा गृहस्थ हटून बसला. लांब-सडपातळ पिंप आणि आखूड-जाडं पिंप, दोन्हीत काठी तेवढीच आत जाऊ शकते. मग माल सारखा कसा? आपण फसलो, अशी त्याची खात्री. घरात नवी नवरी, आणि नवरा पिंपांची गणितं मांडतोय. त्या बाईंचं म्हणणं इतिहासाने नोंदवलेलं नाही. (हशा) शेवटी निघालं काय, तर काठीची लांबी ठरली की एका विशिष्ट प्रमाणाच्या पिंपात सर्वात जास्त माल मावतो, आणि ऑस्ट्रियातले पिंपं बांधणारे कारागीर नेमके त्या प्रमाणाच्या जवळ असत. त्या कमाल मापाच्या आसपास आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी घनफळात फरक नगण्य. म्हणजे काठीवाला प्रामाणिक होता! १६१५ साली केप्लरने यावर लिंझमध्ये पुस्तक छापलं. बारावीला मॅक्सिमा-मिनिमा, म्हणजे कमाल-किमान किंमत काढायला शिकताना आपण जे रडलो, त्याचं एक मूळ इथे आहे, न्यूटनच्या जन्माच्याही आधी.

मी हे लांबवलं ते उगाच नाही. केप्लरने लिहिलंय की लिंझच्या घाटावर खालच्या ऑस्ट्रियातून आलेल्या वाइनच्या पिंपांचे ढीग पडले होते. खालच्या. म्हणजे पिंपं प्रवाहाविरुद्ध वर आली. इंजिन नाही. मग आणली कुणी?

घोड्यांनी. एकामागे एक बांधलेल्या नावा, आणि काठावरून त्या ओढणारे घोडे, मोठ्या ताफ्याला डझनांनी. ही घोड्यांची वाट, ट्रेपेलवेग. नाव ओढायची तर वाट सलग हवी. पण नुसती वाट सलग असून भागत नाही. घोडा आणि नाव यांच्यामध्ये दोर ताणलेला असतो, तो सगळ्या काठावरून सरकत जातो. मध्ये एक भिंत, एक कुंपण, एक झाड आलं की दोर अडकला. म्हणून वाट आणि पाणी यांच्यामधला अख्खा पट्टा साफ ठेवावा लागे. कुणी तिथे गोठा बांधला तर व्यापार थांबणार. काठ मोकळा राहिला तो सौंदर्यदृष्टीमुळे नाही, दोरामुळे.

(संयोजक चिठ्ठी देतात.) सात मिनिटं? मला वाटलं पंधरा आहेत. बरं, केप्लरचा दोष. आता भराभर.

एक. १८२९ मध्ये डॅन्यूबवर वाफेच्या बोटींची कंपनी निघाली आणि पुढच्या काही दशकांत घोडे गेले. वाट मात्र विकली गेली नाही. जलमार्ग सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे राहिली, कारण काठाची डागडुजी करायला गाडी जायला हवी. १९८० च्या दशकात तिच्यावर सायकलींना येऊ दिलं. अजून पाट्या असतात, स्वतःच्या जबाबदारीवर जा. नवा रस्ता फारसा बांधावाच लागला नाही. आपण नदीकाठी रस्ता म्हणतो आणि पात्रात भराव टाकतो, तेवढाच फरक.

दोन. मध्ये धरणं आहेत, वीजनिर्मितीची. इब्ज-पेर्सेनबॉइगचं १९५९ चं. बहुतेकांच्या माथ्यावरून सायकल पलीकडे नेता येते. आपल्याकडे धरणावर फोटो काढला तरी शिपाई शिट्टी मारतो. सुरक्षेचं कारण मला माहीत आहे, नोकरीत मीच ते आदेश काढलेत.

तीन, आणि हे मला सविस्तर सांगायचं होतं. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउचा पट्टा, द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, २००० साली जागतिक वारसा. तिथेही धरण होणार होतं. सत्तरच्या दशकात गावकरी उभे राहिले, धरण झालं नाही. व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्गला १९८४ च्या डिसेंबरात हजारो लोक कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या जंगलात ठाण मांडून बसले. तिथल्या धरणाचं काम थांबलं, १९९६ ला तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आणि ट्युल्नच्या अलीकडे, वाटेवरच, झ्वेन्टेनडॉर्फची अणुभट्टी. पूर्ण बांधून तयार. नोव्हेंबर १९७८ मध्ये सार्वमत घेतलं, साडेपन्नास टक्के लोक नको म्हणाले, ती कधी सुरूच झाली नाही. अभियंता म्हणून माझ्या पोटात गोळा येतो. पण मत मोजलं आणि पाळलं, हेही खरं. म्हणजे घोड्यांनी राखलेला काठ पुढे माणसांनी भांडून राखला. माझा मुद्दा एवढाच होता.

घंटा ऐकू आली, संपवतो. जाणार असाल त्यांच्यासाठी एकच. वाखाउत श्पित्झहून समोरच्या आर्न्सडॉर्फला जी फेरीबोट आहे तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार, बोट तिला बांधलेली. बोट प्रवाहाला तिरकी करायची, पाणीच तिला पलीकडे ढकलतं. आवाज फक्त कप्पीचा. पाण्याला वेग आहे म्हणून चालते, आणि वेग आहे कारण ते धरण झालं नाही. पण ती रात्रभर चालत नाही, वेळ आधी विचारून ठेवा. चुकली तर मेल्कनंतरचा पूल थेट माउटर्नला, मेल्कपासून तीसेक किलोमीटरवर.