गळते ती रीप

मंडळी, मागच्या रांगेतल्यांनी जरा पुढे सरका, कारण मला मापं सांगायची आहेत आणि मापं लांबून ऐकू आली की चुकतात. पत्रिकेवर विषय छापलाय, 'घराचं छप्पर स्वतः बदलताना साहित्याची निवड'. निवडीकडे येतो. पण त्याआधी एक गोष्ट बोलणं भाग आहे, कारण ती कळली नाही तर निवड चुकणारच.

आपल्याकडे कोकणात 'कौलं खराब झाली' म्हणून जी छपरं उतरवतात, त्यातल्या बहुतेकांची कौलं ठणठणीत असतात. कुजलेली असते ती रीप, म्हणजे वाशांवर आडवी ठोकलेली, कौलं जिच्यावर अडकतात ती पट्टी. चांगलं भाजलेलं मंगलोरी कौल शंभर वर्षं टिकतं. आपल्या जुन्या घरांवर ती आजही आहेत, उलटून बघा, कारखान्याचं नाव स्पष्ट वाचता येतं. एक इंच जाडीची लाकडी रीप मात्र शंभर वर्षं टिकत नाही. म्हणजे आपण टिकाऊ वस्तू विकतो, भंगाराच्या भावात विकतो, आणि तिच्या जागी कमी टिकणारी वस्तू विकत आणतो.

असं का झालं, याला एक कारण आहे. मंगलोरी कौलाच्या आधी आपल्याकडे नळे होते, कुंभाराने चाकावर काढलेले. नळा कशात अडकत नाही, नुसता टेकतो. वाऱ्याने सरकतो, मांजर धावलं तरी सरकतो. म्हणून दर वर्षी पावसाआधी घर शाकारावं लागे. माणसं वर चढत, नळे काढत, पुन्हा लावत. त्या निमित्ताने दर वर्षी प्रत्येक वाशावरून हात फिरे. कुजका बांबू तेव्हाच बदलला जाई.

मग १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मूळ कल्पना युरोपातली. आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. बाजूला खाच, वर ओठ, खाली नाक, आणि पोटाशी रिपेवर अडकणारे दोन खुंट. नेत्रावतीकाठची चिकणमाती त्याला फार चांगली लागू पडली. जहाजांनी ही कौलं मुंबईपर्यंत आली, आपल्या बंदरांत उतरली, आणि दर वर्षीची शाकारणी संपली. सोय मोठी झाली, यात वादच नाही. पण वर चढायची सवयही संपली. कौल सरकत नाही, म्हणून कोणी बघत नाही; कोणी बघत नाही, म्हणून रीप गुपचूप कुजते.

ती कुजते कुठे? वरच्या कडेला, जिथे कौलाचे खुंट टेकतात. खाचेत पाचोळा आणि धूळ साठते, ती ओल धरून ठेवते, नैऋत्येचा वारा पाणी उलटं वर ढकलतो, आणि ते नेमकं तिथे थांबतं. रीप मऊ झाली की कौलांच्या वजनाने दोन वाशांच्या मध्ये वाकते. अर्धा इंच वाकली तरी पुरे. शेजारच्या दोन कौलांची खाच उघडते आणि घरात टपटप सुरू होते. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं काय? कौल. मग तो काय करतो? सिमेंट लावतो.

या सिमेंटबद्दल मला मनापासून राग आहे, आणि तो आज मी बोलून दाखवणार. गळणाऱ्या खाचेत सिमेंट भरलं की दोन कौलं एक होतात. ऊन पडलं की कौल वेगळं तापतं, सिमेंट वेगळं. पहिल्याच वैशाखात केसासारखी भेग जाते. त्या भेगेतून पाणी आत ओढलं जातं, आणि आधी खाचेतून वाहून जाणारं पाणी आता सिमेंटच्या बांधामागे तुंबतं. पुढच्या वर्षी गळती दुप्पट. मग त्यावर डांबर, डांबरावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर दगड. शेवटी कौल काढायला जावं तर ते फुटूनच निघतं. एका रिपेचं काम होतं, संपूर्ण पाखं, म्हणजे छपराची एक अख्खी उतरती बाजू, गेलं. गळलं की आधी माळ्यावर चढा, टॉर्च लावा, आणि रिपेत पेचकस खुपसून बघा. पाव इंच आत गेला तर रोग सापडला.

आता काम कसं करायचं. मुहूर्त सांगतो: शिमगा झाला की सुरू, अक्षय्यतृतीयेपर्यंत संपलं पाहिजे. ७ जूनला मृग निघतो, पण वळवाचा पाऊस मृगाची वाट बघत नाही. एका वेळी दहा फुटांचा पट्टा उघडा, आणि दोन्ही पाखी बरोबरीने. एकच पाखं पूर्ण उतरवलं तर दुसऱ्या बाजूचं वजन आढ्याला ढकलतं, जुनी लाकडं हलतात.

हिशोब धरा. घर ३० बाय २० फूट, चारी बाजूंनी वळचण २ फूट. उतार ३० अंशांचा, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ७ इंच उंची. एका पाख्याची उताराची लांबी होते साधारण १४ फूट, आढ्याची लांबी ३४ फूट. दोन्ही पाखी मिळून सुमारे ९५० चौरस फूट. शंभर चौरस फुटांना १४० कौलं लागतात, म्हणजे १३३० आणि फुटतुटीची धरून १४००. अडीच किलोचं एक धरलं तर साडेतीन टन. हे सगळं वजन त्या एक इंचाच्या रिपेवर असतं. रिपा २ बाय १ इंची, प्रत्येक पाख्यावर १४ ओळी, दोन्हीकडच्या मिळून ९५२ फूट. तुकड्यांचं नुकसान धरून १०५० फूट घ्या. कोने, म्हणजे आढ्यावर बसणारी कौलं, फुटाला एक, म्हणजे ३५.

दोन रिपांमधलं अंतर दुकानदार साडेबारा इंच सांगेल. ऐकून घ्या आणि तरी स्वतः मोजा, कारण कारखान्याप्रमाणे ते पाव-अर्धा इंच बदलतं. अकरा कौलं अंगणात उलटी, एकात एक अडकवून एका ओळीत मांडा. पूर्ण ताणा, पहिल्या नाकापासून अकराव्या नाकापर्यंत मोजा. मग पूर्ण आत सरकवा, पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी काढून तिला दहाने भागा. तुमच्या रिपांचं अंतर ते. अर्धा इंच जास्त झालं तर वरचा ओठ सुटतो आणि वाऱ्याचं पाणी आत येतं. कमी झालं तर कौल शेपटीकडून उचललं जातं. याच कारणाने दोन कारखान्यांची कौलं एका पाख्यावर मिसळू नका. दिसायला जुळी, खाचेला सवतीची. जुनी कमी पडली तर एका पाख्यावर सगळी जुनी, दुसऱ्यावर सगळी नवी.

जुनं कौल पारखायचं तर बोटाच्या पेराने वाजवा. खणखणलं तर ठेवा, भद्द वाजलं तर आत तडा आहे. नवं घेताना एक कौल कोरडं तोला, रात्रंदिवस पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. अडीच किलोचं कौल अर्ध्या किलोपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर तो माल परत करा. भट्टी नीट लागलेली नाही. शेवाळं ताठ ब्रशने काढा, अ‍ॅसिड लावू नका.

रिपा वर चढवायच्या आधी, जमिनीवर असतानाच, चारी बाजूंना आणि कापलेल्या टोकांना तेल पाजा. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीला उत्तम, पण कातडी भाजतं, हातमोजे हवेतच. कापलेलं टोक कोरडं राहिलं तर बाकीचं तेल वाया, कारण लाकूड टोकाकडूनच पाणी पितं. रिपेचा जोड नेहमी वाशाच्या मधोमध, आणि सगळे जोड एकाच वाशावर आणू नका. टोकाला खिळा मारण्याआधी भोक पाडा, नाहीतर फाटते. वळचणीची पहिली रीप एका कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. तिच्या कौलाखाली दुसरं कौल नसतं ना! ती इतरांसारखीच ठेवली तर पहिली ओळ नाक खाली घालते आणि तिच्यात व दुसऱ्या ओळीत फट राहते. चालताना कौलाच्या पोटावर पाय देऊ नका, रिपेवर, जिथे दोन कौलं एकावर एक येतात तिथे द्या. त्याहून बरं म्हणजे आढ्याला अडकवलेली शिडी, आणि कमरेचा दोर आढ्यापलीकडे बांधलेला. दोर बांधायला वेळ नाही असं ज्याला वाटतं त्याने वर चढू नये.

कोने बसवायला एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. कोने आधी भिजवा. मसाला फक्त दोन कडांना, पोट पोकळ ठेवा. चुना असला की जोड थोडा हलतो, पण तडकत नाही. सिमेंटवर माझा राग आहे तो सिमेंट एकट्याने वापरण्यावर.

वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ताशी १०० किलोमीटरच्या वरचा वारा, श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत छपरं उडाली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर 'कौलं नकोत, पत्रा घाला' ही लाट आली. पण तेव्हा पत्रेही उडाले, अख्खेच्या अख्खे, पाइपांसकट. वारा छपराला वरून दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढतो वळचणीला, कडेला आणि कोन्यांपाशी. म्हणून खालच्या दोन ओळी, कडेची ओळ आणि कोन्यांलगतची ओळ, यातलं प्रत्येक कौल तारेने रिपेला बांधा. कौलाच्या पोटाला त्यासाठीच भोक असतं. किती जणांनी ते वापरलंय? मधल्या भागात दर तिसरं कौल बांधलं तरी चालेल. समुद्राजवळ तार स्टेनलेसची. आणि वासा भिंतीला लोखंडी पट्टीने धरून ठेवा. ती पट्टी भिंतीतल्या जांभ्या चिऱ्याच्या वरच्या थरात नुसती ठोकू नका, दोन-तीन थर खाली नेऊन काँक्रीटमध्ये पुरा. नाहीतर छप्पर वरचा चिरा घेऊनच उडतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरली. मग साहित्याची निवड भराभर सांगतो.

पहिला प्रश्न उताराचा. १२ इंचांत साडेपाच इंचांपेक्षा कमी उंची असेल तर कौलं विसरा, कितीही आवडत असली तरी. तिथे पत्राच.

रंगीत पत्रा घेताना जाडी ०.५० मिलिमीटर घ्या आणि ती रंगासकट की रंगाशिवाय, हे बिलावर लिहून घ्या. अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर एझेड १५०, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम. ग्राइंडरने कापू नका. ठिणग्या जिथे पडतात तिथे रंग जळतो आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात. कातरीने कापा, स्क्रूचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढा. ओलं सिमेंट या पत्र्याला लागू देऊ नका, थर खातं. स्क्रू पन्हळीच्या उंच भागावर, रबरी वायसर चपटा बसेल इतपतच आवळा. बाहेर फुगला तर वर्षभरात चिरतो. शेजारच्या पत्र्याचा जोड नैऋत्येकडे तोंड करून उघडा ठेवू नका. आवाज आणि उकाडा कमी करायला खाली छत लागेल, तो खर्च आजच धरा.

सिमेंटचा जुना पत्रा, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा, घरावर असेल तर तो फोडू नका. पाणी मारून ओला ठेवा, बोल्ट सोडवा, अख्खा खाली घ्या, तोंडाला चांगला मास्क लावा. त्यावर थेट पाय कधीच नको. माणूस आरपार जातो. फळी टाकूनच चढा.

लोखंडी चौकोनी पाइपाच्या रिपा चांगल्या, वाळवीचा प्रश्न मिटतो. पण पाइपाची टोकं वेल्डिंगने बंद करा. उघडी राहिली तर पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो.

कौलं फोडणाऱ्या वानरांचं विचारणारच तुम्ही. जिथे टोळीची रोजची वाट छपरावरून आहे तिथे नुसती कौलं ठेवा असं मी म्हणणार नाही. खाली पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर आडव्या रिपा आणि वर कौलं, असं करता येतं. मग कौल फुटलं तरी घर गळत नाही. पण उभ्या पट्ट्या गाळू नका. आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर प्रत्येक रिपेमागे पाणी अडतं. आणि वजन वाढतं, ते वासे पेलतील का हे आधी सुताराकडून बघून घ्या.

काम संपलं की पाऊस यायच्या आधी पाइपाने पाणी मारून बघा. एकजण माळ्यावर टॉर्च घेऊन, एकजण वर. सुरुवात वळचणीपासून, एका ओळीवर पाच मिनिटं, मग तिच्या वरची ओळ. आढ्यावरून सुरू केलंत तर सगळं पाखं एकदम ओलं होतं आणि गळती कुठली हे सांगता येत नाही. जिथे थेंब दिसेल तिथे आतल्या माणसाने खडूने रिपेवर खूण करायची, कौलावर नाही.