अफेनीचा मुलगा

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे हिप-हॉप आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांचं राजकारण. गाण्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी एका बाईबद्दल सांगू द्या.

अफेनी शकूर. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षातली, न्यूयॉर्कची. एप्रिल १९६९मध्ये तिच्यासह एकवीस जणांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा खटला भरला गेला. वय बावीस. कायद्याचं शिक्षण नाही. तरी तिनं ठरवलं, माझी बाजू मीच मांडणार. पक्षात वेष पालटून घुसलेल्या पोलिसाची उलटतपासणी तिनं स्वतः घेतली. मध्येच जामीन रद्द झाला, तेव्हा ती गरोदर होती. तुरुंगातून कोर्टात आणि कोर्टातून तुरुंगात. डोळ्यांसमोर आणा ते! मे १९७१मध्ये खटल्यातले सगळे, म्हणजे ज्यांच्यावर खटला चालला ते तेरा जण, एकूण एक आरोपातून सुटले. महिन्याभरानं, १६ जूनला, तिला मुलगा झाला. पुढे तिनं त्याला नाव दिलं तुपाक. हाच नंतर गाजलेला रॅपर तुपाक शकूर. पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या तुपाक अमारूचं नाव.

रॅपनं पोरं बिघडवली, असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो याच कारणानं. हे पोर जन्मायच्या आधीच कोर्टात जाऊन आलं होतं! राजकारण त्याला गाण्यानं शिकवलं नाही, ते घरातच होतं. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनं पँथर पक्ष खिळखिळा केला, नेते तुरुंगात गेले, काही मारले गेले. मग ते राजकारण गाण्यात राहायला गेलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी 'पँथर' हे नाव तिथूनच घेतलं. आणि ज्यांच्या घरात अण्णाभाऊंची, अमर शेखांची शाहिरी ऐकली गेली, त्यांना डफाची ताकद मी काय सांगावी?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. खरा मुद्दा आता भराभर सांगतो.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं शाळेच्या कपड्यांना पैसे जमवायला पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला भाऊ, डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. एक्स्प्रेसवेसाठी हजारोंची घरं पाडून झालेला तो ब्राँक्स.

१९८८मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनची पोरं, एनडब्ल्यूए हा रॅप गट, पोलिसांच्या मारहाणीवर गायली. पुढच्याच वर्षी एफबीआयच्या अधिकाऱ्यानं रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. १९९१मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी झोडपलं, ते मात्र व्हिडिओवर आलं. म्हणजे साक्ष तीन वर्षं आधीच नोंदली गेली होती, ऐकली कुणी नाही.

२००४मध्ये नेवार्कला हिप-हॉप पिढीचं राजकीय अधिवेशन भरलं. शिक्षण, तुरुंग, रोजगार यांवर मागण्या लिहिल्या गेल्या. त्यावर सविस्तर बोलायचं होतं, आज राहतंय.

शेवटचं एकच. जुलै २०१५, क्लीव्हलँड. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या 'ब्लॅक लाइव्ह्ज' चळवळीच्या परिषदेसाठी शेकडो तरुण जमलेले. बाहेर पोलिसांनी चौदा वर्षांच्या मुलाला पकडलं. पोरं गाडीला आडवी गेली, डोळ्यांत मिरचीचा फवारा बसला, तरी हलली नाहीत. अखेर मुलाला आईच्या हवाली केलं गेलं. त्या दिवशी गर्दीनं रॅपर केंड्रिक लमारच्या गाण्याचं ध्रुवपद एका सुरात म्हटलं. आपण यातून तरून जाऊ, एवढाच त्याचा अर्थ.