कुणीही न केलेली कोंडी

कोंडीत अडकलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुढे काय झालंय? अपघात, बंद पडलेली गाडी, खोदकाम, काहीतरी असणारच. मग रखडत रखडत आपण पुढे जातो, रस्ता एकाएकी मोकळा होतो आणि तिथे काहीच नसतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात हेच मुद्दाम घडवून पाहिलं होतं. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या, आणि चालकांना एवढंच सांगितलेलं की ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा. सिग्नल नाही, चौक नाही, अडथळा नाही. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग काही गाड्या चक्क थांबल्या आणि थांबलेल्यांचा तो पुंजका ताशी साधारण २० किलोमीटर वेगाने उलट्या दिशेने, म्हणजे मागे मागे सरकायला लागला. गाड्या पुढे जात होत्या, कोंडी मागे.

अशा घटना समजून घेण्यासाठी एजंट-आधारित मॉडेल वापरतात. एजंट म्हणजे एकेक गाडी, एकेक पक्षी, एकेक माणूस. संपूर्ण समूहासाठी समीकरण मांडायच्या ऐवजी आपण एकेकाला दोन-चार नियम देतो, त्याला किती दूरचं दिसतं ते ठरवतो, संगणकावर शेकडो एजंट सोडतो आणि काय होतं ते बघतो. ऐकायला हा पोरखेळ वाटतो, आणि खरं सांगायचं तर नियम लिहिणं हा सोपाच भाग आहे. अवघड भाग दुसराच आहे: जे निघालं ते आपल्या नियमांतून निघालं, की नियम लिहिताना बारीकसारीक समजून सोडून दिलेल्या गोष्टींतून? आज बोलायचंय ते याच बारीकसारीक गोष्टींबद्दल.

रस्त्याचंच मॉडेल घेऊ. नागेल आणि श्रेकेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी ते १९९२ साली मांडलं. रस्ता म्हणजे खणांची एक ओळ. एक खण ७.५ मीटरचा, कोंडीत एका गाडीला लागते तेवढी जागा. एक ठोका म्हणजे एक सेकंद. वेग पूर्ण संख्येत मोजायचा, ० ते ५ खण. ठोक्याला ५ खण म्हणजे सेकंदाला ३७.५ मीटर, म्हणजे ताशी १३५ किलोमीटर. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक गाडीने चार गोष्टी करायच्या. वेग कमाल नसेल तर एकने वाढवायचा. पुढे जितके खण रिकामे असतील त्याहून वेग जास्त झाला तर तो तेवढ्यावर आणायचा. वेग शून्य नसेल तर ठरावीक शक्यतेने तो आणखी एकने कमी करायचा. याला आपण रेंगाळणं म्हणू. आणि शेवटी, वेगाइतके खण पुढे सरकायचं. सगळ्या गाड्यांनी एकदमच. बस्स, मॉडेल संपलं.

आता रेंगाळणं बाजूला ठेवा आणि ३० खणांच्या गोल रस्त्यावर पाच गाड्या लावा. अ २४व्या खणात, तिच्या मागे ब १८व्या, क १२व्या, ड ६व्या आणि इ शून्याव्या खणात. रस्ता गोल असल्यामुळे अ-च्या पुढे इ आहे, ३०व्या खणात असल्यासारखी. प्रत्येकीच्या पुढे ५ खण रिकामे, प्रत्येकीचा वेग ५. हे असं अनंतकाळ चालेल. आता एकाच ठोक्याला, एकदाच, अ-चा चालक जरा रेंगाळतो आणि ५ ऐवजी ४ खण जातो.

पुढच्या ठोक्याला ब-ला पुढे ४च खण दिसतात, तिला वेग ४वर आणावा लागतो. तोवर अ पुन्हा ५ने पळायला लागलेली असते. ब मंद झाली म्हणून त्याच्या पुढच्या ठोक्याला क-ला ४ खण मिळतात, मग ड-ला, मग इ-ला. इ मंद होते तेव्हा अ-च्या पुढे साठलेला एक जादा खण खर्ची पडतो आणि पाचव्या ठोक्याअखेर सगळ्यांमध्ये पुन्हा बरोबर ५ खणांचं अंतर असतं. हिशेब कागदावर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. चूक एकाची, एका सेकंदाची. पण एकेक ठोका दंड पाचही गाड्यांनी भरला. आणि इ-ला ब्रेक लागला तेव्हा तो कुणामुळे हे तिच्या चालकाला कळायला मार्गच नव्हता. अ तर तिच्या मागे होती!

ही लाट विरली याची दोन कारणं आहेत. अ-पुढे एक खण शिल्लक पडला होता आणि वाटेत दुसरं कुणी रेंगाळलं नाही. गाड्या याहून दाट असतील, किंवा ब्रेक लावणाऱ्यांपैकी कुणी गरजेपेक्षा थोडा जास्तच लावला, तर ४चा ३ होतो, ३चा २, आणि मागे कुठेतरी कुणीतरी पूर्ण थांबतं. उगम पुसला जातो आणि कोंडी उरते.

तिसऱ्या नियमाला म्हणूनच महत्त्व आहे आणि त्याच्या जागेलाही. हा नियम दुसऱ्याच्या आधी टाकून बघा, म्हणजे आधी रेंगाळा, मग ब्रेक लावा. पुढे ३ खण असलेली, वेग ५ असलेली गाडी रेंगाळून ४वर येते आणि ब्रेकने ३वर. रेंगाळली नसती तरी ३च. गरजेपेक्षा जास्त ब्रेक लावणं मॉडेलमधून गायब झालं! कोडमध्ये दोन ओळींची अदलाबदल झाली आहे, कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही, प्रोग्राम गुण्यागोविंदाने चालतो, फक्त कोंडी फार कमी होते. मग लिहिणारा निष्कर्ष काढतो की चालकांच्या अनियमितपणाचा वाहतुकीवर फारसा परिणाम होत नाही.

दुसरी अशीच जागा म्हणजे 'एकदमच' हा शब्द. नवखा माणूस लूप लिहितो: पहिली गाडी घे, हलव, मग तिच्या मागची घे, हलव. यात दुसऱ्या गाडीला पहिलीची जुनी जागा दिसत नाही, नवी दिसते. सगळ्यांमध्ये २ खणांचं अंतर असेल आणि पहिली २ खण पुढे गेली, तर दुसरीला एकदम ४ खण मोकळे दिसतात आणि ती ३च्या वेगाने निघते. एकदम हलवलं असतं तर ती २नेच गेली असती. म्हणजे प्रवाह (ठरावीक वेळात पुढे जाणाऱ्या गाड्यांची संख्या) वाढला तो चालकांच्या शहाणपणामुळे नाही, लूपच्या दिशेमुळे. उपाय साधा आहे: आधी सगळ्यांचे नवे वेग जुन्या जागांवरून काढून वेगळ्या यादीत ठेवायचे आणि मगच सगळ्यांना हलवायचं. काही प्रश्नांत एकेक करून हलवणं हेच जास्त खरं असतं, त्याला हरकत नाही. पण मग दर ठोक्याला क्रम पिसून घ्यावा आणि तसं केल्याचं लिहावं.

रेंगाळण्याची शक्यता किती धरायची? इथे अंदाजपंचे काम नको. शक्यता शून्य धरली तर सहा खणांमागे एक गाडी ५च्या वेगाने जाऊ शकते, म्हणजे सेकंदाला ५/६, तासाला ३,००० गाड्या. प्रत्यक्षात महामार्गाची चांगली मार्गिका तासाला २,००० ते २,४०० गाड्या वाहते, तेव्हा शून्य बाद. दुसरा निकष कोंडीच्या मागे सरकण्याच्या वेगाचा. थांबलेल्या रांगेतली सर्वांत पुढची गाडी रेंगाळली नाही तरच निघते. दर सुटलेल्या गाडीमागे कोंडीचं तोंड एक खण मागे येतं. रेंगाळण्याची शक्यता ०.५ असेल तर सेकंदाला सरासरी अर्धा खण, म्हणजे ३.७५ मीटर, म्हणजे ताशी १३.५ किलोमीटर. महामार्गांवर मोजलेला वेग ताशी १५च्या आसपास असतो. त्यासाठी शक्यता ०.४४ येते. एक प्राचल, म्हणजे मॉडेलमध्ये आपण ठरवायचा आकडा, आणि त्याला तपासायला दोन स्वतंत्र मोजमापं. मॉडेलवर विश्वास बसतो तो अशामुळे, पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांमुळे नाही.

वाहतुकीत निदान मोजमापं असतात. माणसांच्या पसंती-नापसंतीकडे वळलं की पायाखालची जमीन मऊ होते. समाजशास्त्रज्ञ ग्रानोवेटर यांचं १९७८चं उदाहरण घ्या. शंभर माणसांचा जमाव आहे. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: इतके लोक दगड उचलतील तर मीही उचलेन. एकाचा उंबरठा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं ९९पर्यंत. शून्यवाला सुरुवात करतो, त्याला बघून एकवाला, दोघांना बघून दोनवाला, आणि शंभरच्या शंभर दंगलीत उतरतात. आता ज्याचा उंबरठा १ होता त्याचा फक्त २ करा. शून्यवाला दगड उचलतो, आजूबाजूला बघतो, दुसरं कुणी नाही. संपलं. सरासरी उंबरठा ४९.५ वरून ४९.५१ झाला आणि दंगेखोर शंभरावरून एकावर आले. दुसऱ्या दिवशीची बातमी मात्र पहिल्या जमावाला माथेफिरू ठरवील आणि दुसऱ्यातल्या एकट्याला विक्षिप्त.

अशी मॉडेल चालवताना सरासरी फार फसवते. उंबरठे दर वेळी नव्याने चिठ्ठ्या टाकून वाटले तर काही वेळा सगळा जमाव पेटतो, काही वेळा कुणीच हलत नाही, आणि सरासरी काढली की मधलाच एक आकडा येतो जो एकदाही घडलेला नसतो. म्हणून आधी सगळ्या फेऱ्यांचे निकाल आलेखावर मांडून त्यांचा आकार बघावा, सरासरी नंतर. आणि हो, फेऱ्या खरोखर वेगळ्या आहेत ना हेही बघावं. यादृच्छिक आकड्यांचं सीड, म्हणजे ते आकडे ज्यापासून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा, दर फेरीत तेच ठेवलं तर पन्नास फेऱ्या म्हणजे एकाच फेरीच्या पन्नास झेरॉक्स.

अर्थशास्त्रज्ञ शेलिंग यांचं वस्त्यांचं मॉडेल बहुतेकांना माहीत असेल, तेव्हा थोडक्यात. दोन रंगांच्या सोंगट्या पटावर, काही घरं रिकामी. शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश आपल्या रंगाचे असले की सोंगटी समाधानी, नाहीतर ती रिकाम्या घरात जाते. दुसरा रंग बहुसंख्य असलेला कुणालाही चालतो, तरी शेवटी पट रंगांच्या मोठमोठ्या पट्ट्यांत विभागला जातो. हे १९७१चं. सांगायचं ते वेगळंच आहे. आठही शेजारी हजर असतील तर समान शेजाऱ्यांचं प्रमाण १२.५ टक्क्यांच्या पायऱ्यांनीच बदलतं. दोन शेजारी म्हणजे २५ टक्के, तीन म्हणजे ३७.५. त्यामुळे तुम्ही उंबरठा २६ ठेवा नाहीतर ३७, दोन्हींचा अर्थ 'किमान तीन' असाच होतो. हा आकडा एकेक टक्क्याने सरकवून वक्र काढणाऱ्याला मध्येच उड्या दिसतात आणि तो त्यात समाजशास्त्र शोधत बसतो. कोपऱ्यात शेजारी तीनच, कडेला पाच, तिथे पायऱ्या वेगळ्या. आणि ज्याला एकही शेजारी नाही त्याचं काय? शून्याने भागाकार येतो. कुणी त्याला समाधानी धरतं, कुणी असमाधानी. पट विरळ असेल तर निकाल बदलतो, आणि हा निर्णय बहुतेक वेळा कागदावर कुठेच नसतो.

उलट दिशेचं एक सांगायला हवं. नियमातून थवा निघाला म्हणजे थव्याचा नियम सापडला असं होत नाही. पक्ष्यांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक पक्षी ठरावीक अंतराच्या आतल्यांकडे बघतो असं बरीच वर्षं धरत असत आणि पडद्यावर थवे झकास दिसत. रोमवरच्या भोरड्यांच्या थव्यांची एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी छायाचित्रं घेऊन एकेका पक्ष्याची जागा त्रिमितीत काढली, तेव्हा २००८ साली दिसलं की भोरडी अंतर बघत नाही. ती सर्वांत जवळच्या सहा-सातांशी जुळवून घेते, मग ते जवळ असोत की लांब. फरक पडतो तो थवा विरळ होतो तेव्हा. अंतराच्या नियमाने चालणारा थवा ताणला की तुटतो, सहा-सात मोजणारा सांधलेला राहतो. नुसता थव्याचा आकार बघून हे दोन्ही नियम वेगळे ओळखता आले नसते.

शेवटी पुन्हा रस्त्यावर येऊ, कारण एक गोष्ट राहिली. आतापर्यंत रेंगाळण्याची शक्यता सगळ्यांना सारखीच होती. ती दोन भागांत तोडा: थांबलेल्या गाडीला ०.५, चालत्या गाडीला फक्त ०.०१. हे अवास्तव नाही, उभी गाडी हलवायला वेळ लागतोच. आता १,००० खणांचा गोल रस्ता घ्या, म्हणजे साडेसात किलोमीटर, आणि त्यावर १३० गाड्या. समान अंतरावर लावून सोडल्या तर त्या बराच काळ जवळजवळ पूर्ण वेगाने फिरतात, प्रवाह ताशी सुमारे २,३००. त्याच १३० एका ठिकाणी खेटून लावल्या तर कोंडीच्या तोंडातून सेकंदाला सरासरी अर्धीच गाडी सुटते, ताशी १,८००. सुटलेल्या गाड्या दहा खणांमागे एक अशा जातात आणि गोल फिरून शेपटाला मिळतात. हिशेब जुळवला तर सुमारे ३३ गाड्या कायम उभ्या राहतात. नियम तेच, गाड्या तितक्याच, चालक तसेच. सुरुवातीची दाटी ओसरेल म्हणून रस्त्याच्या लांबीच्या दसपट ठोके फेकून देऊन मगच मोजायला लागण्याची रीत आहे, आणि चांगली आहे, पण इथे तिचा उपयोग नाही. दसपटच काय, शंभरपट फेकले तरी सुरुवात कशी केली होती ते प्रवाहाच्या आकड्यात दिसतच राहतं. अशा वेळी गाड्या एकेक करून वाढवत नेऊन एकदा प्रवाह मोजायचा, मग एकेक काढत परत येऊन पुन्हा मोजायचा, आणि दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढायच्या. जिथे त्या एकमेकींवर बसत नाहीत त्या पट्ट्यात 'इतक्या गाड्यांना प्रवाह किती' या प्रश्नाची उत्तरं दोन असतात.